अलास्का क्रूझला जाणाऱ्या मराठी माणसांना आणि अमेरिकेतल्या सगळ्या मराठी मंडळांना खुलं पत्र: पक्षी मोजणं बंद होऊ देऊ नका

नमस्कार मंडळी,

बे एरिया, सिएटल, न्यू जर्सी, शिकागो, ह्यूस्टन, जिथे जिथे आपली मंडळं आहेत तिथल्या कमिटीवाल्यांना हे पत्र आहे, आणि त्याहून जास्त त्यांना आहे जे उन्हाळ्यात भारतातून आईबाबांना बोलावून घेतात आणि अलास्का क्रूझला नेतात. मी अँकरेजला राहते. शास्त्रज्ञ वगैरे नाही, हिशोबाची कामं करते, पण या गावात राहिलं की जमीन, समुद्र आणि जनावरं यांच्या बातम्या रोजच्या होऊन जातात आणि त्या बातम्यांमागे कोण माणसं राबतात तेही हळूहळू कळायला लागतं.

झालं असं की २०२५ च्या मे महिन्यात व्हाइट हाउसने २०२६ च्या बजेटचा प्रस्ताव मांडला, आणि त्यात यूएसजीएसचा, म्हणजे इथल्या जिऑलॉजिकल सर्व्हेचा, इकोसिस्टिम्स मिशन एरिया नावाचा अख्खा विभाग बंद करायचं सुचवलं होतं. ध्रुवीय अस्वलं, वॉलरस, समुद्रपक्षी, पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा माग ठेवणं हे सगळं त्या विभागात येतं. शेवटचा शब्द काँग्रेसचा असतो हे खरंय, पण बजेट दरवर्षी नव्याने मांडलं जातं आणि एकदा एखादं काम "हे नसलं तरी चालेल" अशा यादीत गेलं की ते तिथून सहज बाहेर पडत नाही. मला जास्त लागलं ते आपल्याच लोकांच्या एका ग्रुपवरचं बोलणं. भूकंपाची मशीनं ठेवा, ज्वालामुखीवाले ठेवा, पण पक्षी मोजायला सरकारी पगार कशाला, असं एकाने लिहिलं आणि धडाधड अंगठे पडले. शिकलेली, चांगली माणसं आहेत सगळी, त्यांना मनापासून तसं वाटतं. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहितेय, कारण माझं म्हणणं असं आहे की ही दोन कामं वेगळी नाहीतच, एक हात तोडला की दुसरा लुळा पडतो.

१९६४ पासून सुरू करते. २७ मार्च, गुड फ्रायडे, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला दक्षिण अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंड नावाच्या खाडीत ९.२ चा भूकंप झाला, जमीन साडेचार मिनिटं हलत होती. यंत्रांनी नोंदवलेल्या भूकंपांमध्ये याच्याहून मोठा एकच, चिलीचा १९६० चा. सव्वाशेच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक लाटांनी. यूएसजीएसचे जॉर्ज प्लाफ्कर नावाचे भूशास्त्रज्ञ लगेच पोचले. आता प्रश्न असा की शेकडो मैलांच्या निर्मनुष्य किनाऱ्यावर कुठे जमीन किती वर आली आणि कुठे किती खचली हे मोजायचं कसं, उपग्रह नाहीत, जीपीएस नाही, भूकंपाआधीची धड मोजमापं नाहीत. त्यांनी मोजलं बार्नॅकलवरून. खडकाला घट्ट चिकटून बसणारे ते पांढरे टोकदार जीव, कोकणात खडकांवर अनवाणी गेलं की पाय कापतात ते. हा प्राणी भरतीच्या पाण्याच्या एका ठराविक उंचीपर्यंतच जगतो, त्याच्या वर नाही, त्यामुळे किनाऱ्याच्या खडकांवर त्यांची एक सरळ पट्टी असते. भूकंपानंतर ती पट्टी पाण्यापासून खूप वर, मेलेल्या बार्नॅकलची पांढरी रेघ होऊन राहिली होती. ती रेघ आणि आताचं पाणी यातलं अंतर मोजलं की जमीन किती उचलली गेली ते मिळतं. बोटीने, छोट्या विमानांनी हिंडून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जागोजागी ते मोजलं, मॉन्टेग्यू बेटावर तर जमीन दहा मीटरहून जास्त वर आलेली निघाली.

या मोजमापातूनच कळलं की समुद्राचा तळ खंडाखाली सरकतोय आणि असे महाभूकंप तिथे होतात. प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे पृथ्वीचं कवच मोठमोठ्या सरकत्या तुकड्यांचं आहे हा सिद्धांत, तेव्हा अजून सर्वमान्य व्हायचा होता. आज जपानपासून चिलीपर्यंत आणि आपल्या अंदमानपर्यंत त्सुनामीचा जो विचार होतो त्याच्या मुळाशी हे ज्ञान आहे, आणि ते मिळालं कारण कोणीतरी आधी बसून अभ्यासलं होतं की बार्नॅकल नेमका किती उंचीपर्यंत जगतो. त्या माणसाला त्या वेळी कोणी विचारलं असतं की याचा उपयोग काय, तर तो काय सांगणार होता?

दुसरी गोष्ट कासाटोचीची, ही मला सगळ्यात जवळची. अल्यूशियन बेटांच्या माळेतलं जेमतेम तीन किलोमीटर रुंदीचं बेट, मध्ये विवर, त्यात तळं, माणूसवस्ती शून्य, आणि खडकांच्या कपारींमध्ये लाखोंनी ऑक्लेट. मुठीत मावेल असा समुद्रपक्षी, कपारीत एकच अंडं घालतो. १९९६ पासून तिथे दर उन्हाळ्यात जीवशास्त्रज्ञ जाऊन राहायचे, किती पिल्लं झाली, काय खातात, किती जगली याच्या नोंदी ठेवायचे. २००८ च्या उन्हाळ्यात दोघं जण एका छोट्या केबिनमध्ये राहत होते. ऑगस्टच्या सुरुवातीला धक्के बसायला लागले, मग वाढत गेले. त्या बेटावर भूकंपमापक नव्हता, ज्वालामुखी केंद्राची जवळची यंत्रं शेजारच्या बेटांवर, काही दहा किलोमीटर लांब. म्हणजे बेटावर काय होतंय ते तिथे बसलेले हे पक्षीवाले प्रत्यक्ष सांगत होते आणि अँकरेजचे ज्वालामुखीवाले त्यांच्या यंत्रांवर तेच बघत होते. ७ ऑगस्टला हेलिकॉप्टर, मोठं जहाज काहीच वेळेत पोचेना, तेव्हा एक मासेमारीची बोट बेटाला लागली आणि दोघांना घेऊन निघाली. त्यानंतर थोड्याच वेळात बेट फुटलं. राख १४ किलोमीटरच्या वर गेली. त्या वर्षीची पिल्लं सगळी कपारींमध्ये गाडली गेली.

पुढच्या उन्हाळ्यात शास्त्रज्ञ परत गेले तर ऑक्लेट परत आलेले. बेट राखाडी, कपारी राखेने बुजलेल्या, अंडं घालायला जागा नाही, आणि पक्षी तिथे बसून. ज्वालामुखीने पूर्ण पुसलेलं बेट पुन्हा जिवंत कसं होतं हे पहिल्या वर्षापासून बघायला मिळालं, कारण आधीची बारा वर्षांची मोजणी हातात होती. ती नसती तर "आधी काय होतं" याला उत्तरच नव्हतं. शिवाय त्या राखेतल्या लोहामुळे उत्तर प्रशांत महासागरात सूक्ष्म वनस्पतींचा प्रचंड बहर आला हेही दिसलं, म्हणजे एक ज्वालामुखी समुद्राच्या पोटात काय बदल घडवतो त्याचा जिताजागता पुरावा. आता मला सांगा यातलं कुठलं काम भूगर्भाचं आणि कुठलं पक्ष्यांचं.

ज्वालामुखीवाल्यांबद्दल कोणाला शंका नाही म्हणून थोडक्यात. १५ डिसेंबर १९८९ ला अँकरेजला उतरू पाहणारं केएलएमचं ७४७ माउंट रिडाउटच्या राखेत शिरलं, चारही इंजिनं बंद पडली, विमान चार किलोमीटरहून जास्त खाली आलं तेव्हा इंजिनं परत सुरू झाली. २४५ माणसं होती आत, सगळी वाचली. आज आशिया आणि अमेरिकेमध्ये उडणारी विमानं या ज्वालामुखींवरून जातात, तुमची मालाची पार्सलं अँकरेजला थांबून जातात, म्हणून अलास्का व्होल्कॅनो ऑब्झर्व्हेटरी लागते हे सगळ्यांना पटतं. छान. पण हीच लोकं आणि अस्वलं-वॉलरसवाली लोकं अँकरेजमध्ये एकाच कॅम्पसवर बसतात, त्याच हवामानाला, त्याच छोट्या विमानांना, त्याच बोटींना तोंड देत काम करतात.

आता व्हिटियर. तुमच्यातले बरेच जण क्रूझच्या सुरुवातीला किंवा शेवटी इथूनच चढता-उतरता, तो चार किलोमीटरचा बोगदा आठवत असेल, एकच लेन, कधी गाड्या या बाजूने, कधी त्या बाजूने, मध्येच ट्रेन. जवळजवळ सगळं गाव एकाच मोठ्या इमारतीत राहतं. १९६४ ला लाटांनी इथली तेरा माणसं नेली.

२०१६ च्या जानेवारीत याच व्हिटियरच्या किनाऱ्यावर जवळपास ८,००० मर्र मरून पडलेले सापडले. मर्र म्हणजे काळापांढरा, उभा राहिला की पेंग्विनसारखा दिसणारा पक्षी, उडतोही आणि पाण्यात शंभर मीटरहून खोल बुडी मारतो. एका ठिकाणचे हे ८,०००. त्या हिवाळ्यात सगळ्या किनाऱ्यावर मिळून सुमारे ६२,००० मेलेले मोजले गेले, सामान्य लोकांनी, किनारे वाटून घेऊन, वाळूत चालत. पोटं रिकामी, छातीचं हाड वर आलेलं. उपासमार.

कारण २०१४ ते २०१६ ची समुद्रातली उष्णतेची लाट. पाणी गरम झालं की माशांचं शरीर जास्त वेगाने ऊर्जा जाळतं, मग मोठे मासे जास्त खातात, छोटे मासे सुकलेले आणि कमी, आणि या पक्ष्याला रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त खायला लागतं, तीनचार दिवस उपाशी राहिला की संपला. पण मला तुमचं लक्ष पुढच्या क्रमाकडे वेधायचंय. पक्षी पडले ते २०१५-१६ च्या हिवाळ्यात. अलास्काच्या आखातातला कॉड माशाचा साठा ढासळलाय हे सर्वेमध्ये उघड झालं २०१७ ला. आणि २०२० ला तिथल्या केंद्र सरकारच्या हद्दीतल्या समुद्रातली कॉडची मासेमारी बंद करावी लागली, म्हणजे बोटी उभ्या, माणसं घरी. समुद्रात काहीतरी भयंकर बिघडलंय हे पक्ष्यांनी वर्षभर आधी किनाऱ्यावर आणून टाकलं होतं.

आणि खरा आकडा तर अजून नंतर आला. डिसेंबर २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी मर्रच्या तेरा वसाहतींमधली उष्णतेच्या लाटेआधीची सात वर्षं आणि नंतरची सात वर्षं शेजारी ठेवून दाखवलं की अलास्कातले सुमारे ४० लाख मर्र गेले, निम्म्याच्या आसपास. आधुनिक काळात नोंदवलेला वन्यप्राण्यांचा एका घटनेतला हा सगळ्यात मोठा मृत्यू मानला जातो. चाळीस लाख! आणि हे कळलं कशामुळे, तर कोणीतरी दर उन्हाळ्यात त्याच कड्यासमोर, त्याच जागी बसून, वाऱ्यात, पावसात, दुर्बिणीतून तेच कडे मोजत राहिलं म्हणून. मध्ये चार वर्षं पैसे नाहीत म्हणून मोजलं नसतं तर हे कधीच सिद्ध झालं नसतं. नंतर कितीही पैसे ओतले तरी न मोजलेलं वर्ष परत येत नाही.

याच्यानंतर बेरिंग समुद्रातले स्नो क्रॅब. गरम पाण्यानंतर १००० कोटींहून जास्त खेकडे नाहीसे झाले, २०२२ ला त्या खेकड्यांची मासेमारी पहिल्यांदाच बंद ठेवावी लागली. सेंट पॉल बेटावरच्या गावाचं अर्थकारण त्या खेकड्यांवर होतं. कुठे पळून गेलेत का, कोणी जास्त पकडले का, असे सगळे तर्क झाले, शेवटी मोजण्यांच्या जुन्या वह्यांवरूनच दिसलं की तेही बहुतेक उपाशी मेले.

परत व्हिटियरकडे येते, कारण तुमच्या आईबाबांचा प्रश्न आहे. २०२० च्या मे महिन्यात काही शास्त्रज्ञांनी, योगायोगाने तेही एक खुलं पत्रच होतं, जाहीर केलं की व्हिटियरपासून साधारण ४५ किलोमीटरवर बॅरी आर्म नावाच्या खाडीत अख्खा डोंगरउतार सरकतोय. आधी हिमनदी त्याला टेकू देऊन होती, ती वितळून मागे गेली आणि उतार मोकळा पडला. दरड म्हणजे काय हे माळीण आणि इर्शाळवाडीनंतर आपल्याला सांगायला नको, इथे फरक इतकाच की दरड सरळ खोल पाण्यात पडणार आणि लाट उठणार. ९ जुलै १९५८ ला लिटुया बेमध्ये असंच झालं होतं, पाणी समोरच्या उतारावर ५२४ मीटर उंच चढलं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये टान फियॉर्डमध्ये १९३ मीटर. बॅरी आर्मच्या पहिल्या अंदाजात व्हिटियरला वीसेक मिनिटांत दहा मीटरच्या आसपास लाट येईल असं होतं, नंतर २०२१ मध्ये यूएसजीएसने जास्त माहिती घेऊन मॉडेल सुधारलं तेव्हा ती दोन मीटरच्या थोडी वर आली. या दोन आकड्यांच्या मधे एका गावाचं राहायचं की सोडायचं हे ठरतं! भीती कमी करायलाही अभ्यासच लागतो.

जुनोला मेंडेनहॉल ग्लेशियर बघायला सगळेच जातात. त्याच्या वरच्या अंगाला सुइसाइड बेसिन म्हणून खोलगट जागा आहे, तिथे वितळलेलं पाणी साठतं आणि २०११ पासून जवळपास दर उन्हाळ्यात ते हिमनदीच्या खालून फुटून बाहेर येतं. २०२३ ला नदीकाठचं घर कोसळून वाहून गेल्याचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी फॉरवर्ड केला होता. २०२४ ला तीनशेच्या आसपास घरांत पाणी शिरलं. २०२५ ला पाणी आणखी वर चढलं, विक्रमी, पण तेव्हा काठावर मातीने भरलेल्या मोठ्या जाळीच्या भिंती उभ्या होत्या आणि बहुतेक घरं वाचली. त्या भिंती किती उंच, कुठून कुठपर्यंत, हे कॅमेरे आणि पाण्याच्या पातळीची यंत्रं वर्षानुवर्षं चालू ठेवल्यामुळे ठरवता आलं. मोजत राहिलं की असं होतं.

मोजणी चुकली तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे, ते मी लपवणार नाही. १९७७ ला आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनने बोहेड व्हेलच्या शिकारीवर बंदी घातली, कारण शास्त्रज्ञांच्या मते जेमतेम ६०० ते २,००० व्हेल उरले होते. उत्तर किनाऱ्यावरचे इन्युपियाक लोक, ज्यांचं जेवण, सण, नाती सगळं त्या व्हेलभोवती आहे, ते सांगत होते की तुम्ही चुकताय, व्हेल बर्फाच्या खालूनही जातात, नुसते मोकळ्या पाण्यातले मोजून कसं चालेल. मग त्यांनी स्वतः जोर लावून संशोधन करवून घेतलं, पाण्याखाली मायक्रोफोन सोडले, विमानातून पाहणी केली, आणि शिकाऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. आज हा कळप दहा हजारांच्या पुढे गेलाय आणि त्या गावांना ठरवून दिलेला कोटा मिळतो. चांगली मोजणी म्हणजे त्या लोकांचा हक्क होता. आणि आज वेस्टर्न आर्क्टिकचा कॅरिबूंचा, म्हणजे रेनडिअर जातीच्या हरणांचा, कळप २००३ च्या ४,९०,००० वरून २०२३ ला १,५२,००० वर आलाय, हिवाळ्यात मध्येच पाऊस पडून बर्फावर कडक थर जमतो आणि खालचं खाणं मिळत नाही हे त्याच्या संभाव्य कारणांपैकी एक आहे, तेव्हा या कळपावर जगणाऱ्या चाळीसेक गावांना किती मारायचे, किती सोडायचे हे कशावरून ठरवायला सांगणार? हे कॅरिबू मोजतात ते जुलैमध्ये, डासांच्या त्रासाने ते दाटीवाटीने एकत्र येतात तेव्हा, विमानातून फोटो काढून. मग कोणीतरी एकेक डोकं मोजत बसतं.

पैशाचं म्हणाल तर तो विभाग वर्षाला २९ कोटी डॉलरच्या आसपास आहे. ३४ कोटी लोकसंख्येत माणशी एक डॉलरसुद्धा नाही. कर भरणारी माणसं आपण, खर्चावर प्रश्न विचारायचा हक्क आहेच, मी स्वतः हिशोब बघते, वायफळ खर्च मलाही सहन होत नाही. पण हा खर्च वायफळ नाही. २००२ ला अलास्कातल्या डेनाली फॉल्टवर, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेवर, ७.९ चा भूकंप झाला, जमीन तेलाच्या पाइपलाइनखालीच काही मीटर सरकली आणि एक थेंब सांडला नाही, कारण सत्तरच्या दशकात भूशास्त्रज्ञांचं ऐकून तिथे पाइप सरकत्या आधारांवर ठेवला होता. मधली पंचवीस वर्षं ते आधार कोणालाही फुकटचा खर्चच वाटले असते. ३० नोव्हेंबर २०१८ ला सकाळी साडेआठला अँकरेजला ७.१ चा धक्का बसला तेव्हा मी ओट्याशी उभी होते, वरच्या कपाटातले डबे, वाट्या, बरण्या सगळं खाली, डाळ-तांदूळ काचांमध्ये मिसळलेलं, आणि तरी या एवढ्या मोठ्या शहरात एकही माणूस इमारत पडून मेला नाही. ती पुण्याई १९६४ नंतर गावोगाव फिरून खडक, माती आणि बार्नॅकल मोजणाऱ्यांची आहे, मला त्यात शंका नाही.

आता मागणं काय ते सांगते. अलास्काला हाउसमध्ये एकच प्रतिनिधी आहे. कॅलिफोर्नियाला ५२, टेक्सासला ३८, न्यू जर्सीला १२. म्हणजे आम्ही इथून कितीही ओरडलो तरी मतं तुमच्याकडे आहेत. जे नागरिक आहेत त्यांनी आपल्या काँग्रेसमनच्या आणि दोन्ही सिनेटरांच्या ऑफिसला फोन करावा, जे अजून ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर आहेत तेही फोन करू शकतात, मतदारसंघात राहणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं ते लिहून घेतात. फार काही बोलायचं नाही. नाव, पिनकोड, आणि एवढंच की यूएसजीएसच्या इकोसिस्टिम्स मिशन एरियाचा निधी कायम ठेवा, अलास्कातली वन्यजीवांची आणि धोक्यांची पाहणी तोडू नका, आमचं कुटुंब तिथे प्रवास करतं. दोन मिनिटं लागतात.

मंडळांच्या कमिट्यांना विनंती की उन्हाळ्याच्या पिकनिकला जिथे मेंबरशिपचं टेबल लागतं तिथेच शेजारी एक कागद ठेवा, लोकांच्या सह्या घ्या, लेटरहेडवर एक पत्र तुमच्या प्रतिनिधीला पाठवा. मंडळाने राजकारण करू नये असं काहींचं म्हणणं असतं आणि ते मला मान्य आहे, कोणत्याही पक्षाचं नाव घेऊ नका, घ्यायची गरजच नाही. आणि क्रूझला गेलात तर जहाजावर रेंजर किंवा निसर्ग अभ्यासक बोलायला येतो तेव्हा आईबाबांना घेऊन पुढच्या रांगेत बसा, त्याला विचारा की यंदा मर्र किती दिसले, आईबाबांना मराठीत सांगा.

पत्राचा इंग्रजी मसुदा ज्या मंडळाला हवा असेल त्यांना मी लिहून देईन, तुमच्या राज्याप्रमाणे बदलून. सरकारचं नवं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून सह्या आणि पत्र गणपतीच्या आधी गेलेलं बरं.

आपली,
अँकरेजहून एक मराठी बाई